रकान्यात मावलेला शब्द

नाही हो ताई, घडी नका घालू. घडी घातली की ती पर्समध्ये जाणार, पर्समधून कपाटात, आणि कपाटातून ही चिठ्ठी परत बाहेर येत नाही—मला माहितेय. बसा. इथे बसा, कुंडीच्या बाजूला, पलीकडची खुर्ची हलते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, गळ्यातल्या या पट्ट्यावर जाऊ नका, तो इथे कँटीनवाल्यालाही देतात. मी आकडेमोड करणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या खोलीत, दाराला पाटीसुद्धा नाही—लोक संडास समजून उघडतात आणि मला बघून माफी मागतात. एक विचारू? या चिठ्ठीवर काय लिहिलंय?—हां, 'थांबा' लिहिलंय, ते मलाही वाचता येतं, तुम्हाला त्यातून काय कळलं ते विचारतोय. ... बघा. बघा, तेच. 'काही नाही निघालं, आता यायचं कारण नाही.' आज तुम्ही चौथ्या. आधीच्या तिघींपैकी दोघी हेच म्हणाल्या, आणि तिसरी म्हणाली, म्हणजे इथेच थांबायचं ना, नाव पुकारतील ना? ती बिचारी दीड तास बसून होती, त्या खांबाजवळ, डबा मांडीवर घेऊन.

तसं नाहीये ते. घाबरू नका, पण तसं नाहीये. इथे बघा, खाली, अगदी कडेला—दिसतंय? चष्मा नाही आणला? कोणीच आणत नाही, तपासणीला जाताना चष्मा कशाला लागेल असं वाटतं. मी वाचतो. 'पुढील तपासणी', आणि ही तारीख. बरोबर सहा महिने. तर 'थांबा' म्हणजे सहा महिने थांबा आणि मग या. याच म्हणजे. बरं आहे असं कोणी म्हटलेलं नाही तुम्हाला. बरं नाही असंही नाही म्हटलेलं. आज सुई टाकायला नको, एवढंच म्हटलंय, आणि ते—ते म्हटलंय मी. म्हणजे मॉडेलने, कॉम्प्युटरात बसवलेल्या गणिताने. मॉडेल माझं.

आता असे डोळे मोठे करू नका, सोपं आहे. फिल्मवर छातीतली गाठ दिसते. कसली आहे ते नुसतं बघून कळत नाही, सुई टाकून तुकडा काढला की कळतं, त्यालाच बायोप्सी म्हणतात. पण दहा जणींना सुई टाकली तर सात-आठ जणींना काहीच निघत नाही—उगाच दुखणं, सूज, रिपोर्टची आठवडाभर वाट, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आणि टाकली नाही तर उरलेल्या दोघी-तिघी हातच्या जातात. मग आज कोणाला, सहा महिन्यांनी कोणाला? हे पूर्वी मोठे डॉक्टर अंदाजाने ठरवायचे. सकाळी दहाला एक अंदाज आणि जेवणाच्या आधी, पोटात कावळे ओरडायला लागले की दुसरा. मी मोजून दाखवलं त्यांना ते. दोन महिने बोलत नव्हते माझ्याशी. मग स्वतःच म्हणाले, बसव बाबा तुझं गणित. बसवलं. वय, गाठ किती मिलिमीटर, कड गुळगुळीत की खरबरीत, आईला नाहीतर बहिणीला कॅन्सर होता का, मागच्या फिल्मपासून वाढली का—एका पारड्यात सुईचा त्रास, दुसऱ्यात उशिराचा धोका. आज टाकण्याने जास्त भलं होणार की थोडं थांबून, वाढते का बघून मग टाकण्याने, हे बघायचं. डोकं लावलंय हो त्यात, सहा वर्षं लावलंय. आणि ते चालतं! ते चालतं, हाच तर—जाऊ दे. पण त्या 'थोडं थांबून' यातला जीव कशात आहे सांगू? बाई परत येते, यात. ती आली, नवी फिल्म निघाली, की पुन्हा ठरवायचं. ती आलीच नाही तर उरतं काय? काही नाही उरत. मी पहिल्याच पानावर लिहून टाकलं होतं: सर्व रुग्ण ठरल्या तारखेस परत येतात असे गृहीत धरू. शाळेत भूमितीत धरायचो ना आपण, तसं. एकानेही हरकत घेतली नाही. कोण घेणार? गणिताचं पान आलं की लोक पान उलटतात.

सुईचा त्रास मोजायचा कसा, हाही प्रश्न होता. त्रासाला काही मीटर लावता येत नाही. मग बायकांना विचारायचं—ही सुई चुकवायला आयुष्यातले किती दिवस देऊन टाकाल? हसू नका, असंच विचारतात, जगभर असंच विचारतात. बाहेरच्या बायकांना विचारायच्या आधी मी घरी विचारून बघितलं, अक्काला. माझी थोरली बहीण. शिवणकाम करते—करायची. ती मशीन न थांबवता म्हणाली, कोणते दिवस? कामाच्या गर्दीतले असतील तर एकही नाही, आणि रिकामे असतील तर घे महिनाभर. मी म्हटलं, अक्का, असं उत्तर नाही चालत, एक आकडा सांग. म्हणाली, मग वीस लिही, आकडेशास्त्री, आणि तो पाय काढ माझ्या कापडावरून. आकडेशास्त्री म्हणायची मला. तिनेच पाढे शिकवले होते, आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ती सोळाची—शाळा सोडली, मशीनवर बसली, आणि मशीनच्या तालावर माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची, चुकलं की पायडल थांबायचं. मी शिकलो कसा म्हणजे? ते पायडल थांबू नये म्हणून शिकलो.

पण मी तुम्हाला या शब्दाचं सांगत होतो. हा शब्द आला कुठून, तर एका मीटिंगमधून. मोठे डॉक्टर, सॉफ्टवेअरवाल्या मॅडम आणि मी. चिठ्ठीवर निकालासाठी एक रकाना होता, एवढासा, दोन बोटांचा. मी लिहून नेलं होतं 'सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीस यावे'. मॅडमनी छापून बघितलं तर प्रिंटरने पुढचं सगळं कापलं आणि चिठ्ठीवर आलं 'सहा महि'. मोठे डॉक्टर म्हणाले, अरे, बाईला वाटेल सहाच महिने उरले! खो खो हसलो आम्ही. मग मॅडम म्हणाल्या 'वाट पाहा'. डॉक्टर म्हणाले, कोणाची? 'धीर धरा' आलं, ते मयताला गेल्यासारखं वाटलं. 'तूर्त नको' आलं, तर काय नको ते कळेना. अर्धा तास शब्दांचा बाजार. आणि मी म्हटलं, 'थांबा'. लहान आहे, आदरार्थी आहे, कोणी घाबरणार नाही. मॅडमनी छापला, रकान्यात मधोमध बसला, दोन्ही बाजूला जागा सोडून. डॉक्टरांनी पाठ थोपटली माझी. म्हणाले, गणितवाल्याला भाषाही येते की! तारखेसाठी मग खाली राहिली ती एवढीशी जागा. मला काय आनंद झाला होता हो त्या दिवशी. सहा वर्षांच्या गणिताचा नव्हता झाला तेवढा त्या एका शब्दाचा झाला.

एकाच्याही डोक्यात आलं नाही. भिंतीवर चढणाऱ्या मुलाला 'थांब!' म्हटलं तर ते मूल थांबतं, चढणं सोडून देतं—काय, सहा महिन्यांनी परत चढायला? बस थांबते तेव्हा लोक उतरतात. 'आता हे थांबवा' म्हणतो आपण, म्हणजे संपवा. आणि दवाखान्याच्या खेपा घालून घालून जीव मेटाकुटीला आलेल्या बाईच्या हातात तुम्ही चिठ्ठी देता, वर एवढ्या ठळक अक्षरात 'थांबा'—तिला तर ते ऐकायचंच असतं! तुम्हालाही ऐकायचं होतं. नव्हतं? मघाशी चिठ्ठीच्या खिडकीवरून वळलात तेव्हा चेहरा बघितला मी तुमचा.

अक्काला कळलं ते तिच्या टाचण्यांमुळे. शिवणाऱ्या बायका टाचण्या खोचून ठेवतात ना अंगावरच्या कपड्यात, इथे, छातीशी, हाताशी असाव्यात म्हणून. डाव्या बाजूला खोचता खोचता हाताला काहीतरी कडक लागलं. तिला वाटलं बटणच आहे. दोन दिवसांनी मला सांगितलं, तेही कसं—हसत, की माझ्या अंगात बटण शिवलंय कोणीतरी. मीच घेऊन आलो तिला इथे. मीच लाइन तोडून फिल्म काढवली. अकरा मिलिमीटर. दिवसभर सुया हाताळणारी बाई, पण त्या एका सुईच्या नावाने रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला बाहेरगावी भाषण होतं, या मॉडेलचंच, तर चिठ्ठी घ्यायला ती एकटी आली. दुपारी फोन आला. 'सुटले रे!' एवढंच म्हणाली. आणि मी म्हटलं, छान. मला वाटलं, सुईतून सुटली. तेच वाटणार ना मला? तिला वाटलं, सगळ्यातून सुटली. एक शब्द तिचा, एक शब्द माझा, आणि दोघांनी फोन ठेवून दिला. संध्याकाळी म्हणे तिने स्वतःसाठी आइस्क्रीम आणून खाल्लं, एकटीने, अख्खा डबा.

सहा महिन्यांनी काय झालं? काही नाही झालं. तारीख आली आणि गेली. मी—नाही, मला आठवण नव्हती असं नाही. मला वाटलं, ती येऊन गेली असेल. अक्का म्हणजे नियमाची बाई, कापड बुधवारी म्हटलं की बुधवारीच देणार. विचारलं का नाही? काय विचारणार... घरी गेलो की ती ताट वाढायची आणि मी जेवायचो, हे आमचं बोलणं.

वर्षाने मॉडेल तपासायची वेळ आली. सगळे निकाल मांडायचे, गणित किती खरं ठरलं बघायचं. दोन हजारांवर ओळी. नावं नसतात हो त्यात, नुसते नंबर, जन्मसाल, बाजू, माप. तर त्यात दोनशे बारा ओळी अशा निघाल्या की पहिली तपासणी आहे, पुढे सगळं रिकामं. परत आल्याच नाहीत. आता रिकाम्या ओळीचं करायचं काय? आमच्याकडे पद्धत आहे, साफसफाई म्हणतात तिला, रीतसर शब्द आहे तो—माहिती अपूर्ण म्हणून ओळी वगळायच्या. वगळल्या. आणि वगळल्याबरोबर मॉडेल सुधारलं! शंभरात एक्याऐंशी होतं ते अठ्ठ्याऐंशी झालं. का नाही सुधारणार, ज्यांच्या बाबतीत ते फसलं होतं त्यांनाच मी काढून टाकलं. पण तेव्हा ते असं नाही दिसत. तेव्हा वाटतं, चला, तक्ता स्वच्छ झाला. मोठे डॉक्टर बेहद्द खूश. आणखी चार दवाखान्यांनी घेतलं ते, याच चिठ्ठीसकट, याच शब्दासकट.

त्यातली एक ओळ अशी होती—डावी बाजू, अकरा मिलिमीटर, अक्काचंच जन्मसाल. आता असतात की अशा पुष्कळ. अकरा मिलिमीटर काय एकीलाच असतं? मी तेच म्हटलं स्वतःला. नंबर काही पाठ नव्हता मला तिचा. म्हणजे... मी बघितला होता एकदा, शेवटी सत्तेचाळीस. आणि त्या ओळीच्या शेवटी सत्तेचाळीसच होतं. कर्सर त्या ओळीवर होता माझा, बोट बटणावर. म्हटलं संध्याकाळी फोन करू. आत्ता हातासरशी हे संपवू, उद्या सादर करायचंय. हो ताई, पुसली. मीच पुसली. संध्याकाळी फोन केला का?—तुम्ही काय विचारताय, दिसतंय ना तुम्हाला.

मग पाठ दुखायला लागली तिची. ती म्हणाली मशीनवर बसून. मी म्हटलं मशीनवर बसूनच असेल. उशी आणून दिली खुर्चीला. ती ओळ पुसल्यावर चौदा महिने गेले तेव्हा फिल्म काढली, तर पाठीच्या मणक्यात, यकृतात, सगळीकडे. चौथ्या मजल्यावर आहे, खिडकीची खाट. मोठे डॉक्टर म्हणाले, अरे, ही सुटली कशी आपल्या हातून? तेव्हा मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, रुग्ण तारखेला आला नाही. खोटं आहे का ते? शंभर टक्के खरं. केसपेपरवर तसंच लिहिलंय, माझ्याच सांगण्यावरून—रुग्ण आला नाही. आणि तिकडे अक्का माझा हात धरून म्हणते, यंत्रच ते, चुकायचंच, तू नको मनाला लावून घेऊ. यंत्राला माफ करते ती! आणि मी मान हलवतो. खाली तिच्यावर ढकललं, वर यंत्रावर ढकललं. यंत्र चुकलं नव्हतं हो. त्याने बरोबर सांगितलं होतं, सहा महिन्यांनी आण. मी उलटंही चालवून बघितलंय ते—तिचे आकडे घालून, की सहा महिन्यांनी आली असती तर काय? सुई टाका म्हणालं असतं. आणि तेव्हा सापडलं असतं तर शंभरातल्या शहाण्णव जणी पाच वर्षांनीही धडधाकट असतात. वीस-पंचवीस वेळा चालवलं. शहाण्णवच येतं. दुसऱ्या कोणाच्या भावाला निदान एवढा नेमका आकडा तरी माहीत नसतो.

शब्द बदलला का नाही म्हणता? बरोबर, कोणीही विचारेल. अर्ज लागतो त्याला. नमुना बदलायचा तर कारण लिहावं लागतं, 'कोणत्या घटनेवरून ही गरज लक्षात आली', असा रकाना आहे. तो अर्ज खणात पडून आहे माझ्या. बाकी सगळं भरलंय, सहीसुद्धा केलीय, तेवढा एक रकाना राहिलाय. तो भरला की त्या दोनशे बारा बाहेर येतात, तक्ता बाहेर येतो, अक्का... अक्काला कळतं. म्हणून मग मी इथे येऊन बसतो. दुपारी दोन ते साडेतीन. खिडकीवरून ज्या वळतात त्यांना विचारतो. रोज आठ-दहा जणी सापडतात. त्या चार दवाखान्यांच्या बाकांवर कोण बसलंय? कोणी नाही. हे काही प्रायश्चित्त वगैरे नाही, तसं समजू नका, मी तेवढा मोठा माणूस नाही. दुपारी मला कुठेतरी बसायचं असतं, एवढंच.

—काय सिस्टर? हो, इथेच आहे. बोला ना, या ताई आपल्याच आहेत. जागी आहे? तीनचं इंजेक्शन नाही दिलं का अजून? घेत नाही म्हणते? ... का? मी आल्याशिवाय नाही? पण मी येतोच की रोज. येतो ना मी? ती झोपली की येतो, तासभर बसतो... हो, तुम्हाला माहितेय, तिला कुठे माहितेय. काय झालं पण? रडते? दुखतंय का? ... तुम्ही? तुम्ही वाचून दाखवली? जुनी चिठ्ठी, तिच्या पिशवीतली. खालच्या तारखेसकट. बरं. नाही नाही, तुमची काय चूक, तिने वाचायला सांगितली, तुम्ही वाचली. मग?

काय म्हणते?

म्हणते, चूक माझीच होती. म्हणते, यंत्राने बरोबर लिहिलं होतं, मीच वाचलं नाही, उगाच भावाच्या कामाला बोल लावला. माफी मागायचीय म्हणते. माझी.

...

नाही. नाही, आत्ता नाही जमणार मला. सिस्टर, ऐका, तिला सांगा मी बाहेर गेलोय, कामाला गेलोय, सापडलो नाही. तिला त्रास होतोय ना? मग? इंजेक्शन द्या तिला. मी सांगतोय ना, मी भाऊ आहे तिचा, माझी सही आहे तुमच्याकडे. द्या इंजेक्शन.

तुम्ही जा ताई. लिफ्ट आलीय.